सव्वीस किलोमीटरची बॅटरी

दुकानदारीण आधी हसली, मग तिने कागद उलटा करून पाहिला, तर मागच्या बाजूलाही आकडे होते.

"काका," ती म्हणाली, "सायकलला मोटर बसवायची आहे की चंद्रावर जायचंय?"

तिचं काही चुकलं नाही. विजेच्या सायकलींच्या दुकानात माणसं येतात ती 'काळ्या रंगात आहे का' नाहीतर 'किती पळते' एवढं विचारायला. हा सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ मात्र घरापासून कामापर्यंतच्या सोळा किलोमीटरचा नकाशा स्वतःच्या हाताने काढून घेऊन आला होता. कुठे चढ, कुठे उतार, कुठे सिग्नल, कुठे रस्त्याचे दात पडलेत, सगळं त्यात होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर तर त्याने गवंड्यांकडे असते ती बुडबुड्याची पट्टी ठेवून चढ मोजला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शंभराला सहा. दोनदा मोजला.'

दोनदा मोजणं ओघानंच आलं. कंपनीत त्याला सगळे दुप्पटराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन टेस्टर, रुमाल दोन, घराच्या किल्ल्यांचे जुडगे दोन आणि तेही वेगवेगळ्या खिशांत, न जाणो एखादा खिसा फाटला तर! गाडी सहाची असली की स्वारी पाचला फलाटावर. आता त्यात त्याचा तरी काय दोष म्हणा. पस्तीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टा दुरुस्त करण्यात गेली. लिफ्टमध्ये पाटी असते आठ माणसांची, पण तिचे दोर ऐंशी माणसं तोलतील असे घेतात. जन्मभर दहापट धरून चालणाऱ्याने घरी नुसतं दुप्पट धरलं, तर तो बिचारा काटकसरच करत होता.

दुकानदारीण तिशीतली, हातांना ग्रीस, केसांत पेन्सिल खोचलेली. बोलण्यात फटकळ, पण कामात पक्की. तिने स्टूल ओढलं आणि मोटर समजावून सांगायला सुरुवात केली. एक मागच्या चाकात बसते, दुसरी पॅडलच्या जागी. पॅडलवाली चढाला जोरदार, पण साखळी खाते आणि जुन्या सायकलला बसवताना नाकी नऊ आणते.

"चाकातली," दुप्पटराव म्हणाला. "अडीचशे वॅट. आत गिअर असलेली. म्हणजे वीज संपली तरी पॅडल मारताना मोटर मागे ओढणार नाही."

"वा! अभ्यास करून आलात की. घर कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"लिफ्ट?"

दुप्पटरावाने खाली बघितलं. "नाही."

"आणि काम कसलं करता म्हणालात?"

"लिफ्टचंच."

ती पोट धरून हसली. त्यालाही हसू आलं असतं, पण सवय मोडली होती. बॅटरी रोज काढून वर न्यावी लागणार, कामावर चार्जिंगला मनाई, आगीच्या भीतीने तशी पाटीच लावली आहे, गुडघे दुखतात, एवढं त्याने सांगितलं. तिने ते पेन्सिलीने कागदाच्या कडेला टिपून घेतलं आणि मग दोन बॅटऱ्या काढून बाकावर ठेवल्या, एक लहान, एक थोरली.

"हिशेब सोपा आहे. जाऊन येऊन बत्तीस किलोमीटर. ही लहान तुमच्या वजनाला, तुमच्या या चढांना सव्वीस-सत्तावीसला मान टाकेल. थोरली सत्तेचाळीसपर्यंत नेईल. दीड किलो जास्त आहे, पण तेवढं चालतं. थोरली घ्या."

"लहान द्या."

"काका, बत्तीस म्हणाले मी."

"ऐकलं. लहानच द्या."

"आणि शेवटचे सहा किलोमीटर? सायकल डोक्यावर घेऊन जाणार?"

दुप्पटरावाने पुन्हा लहानीवरच बोट ठेवलं. ज्याने आयुष्यात काडेपेटीसुद्धा एक घेतली नाही, तो आज जाणूनबुजून सहा किलोमीटर कमी पडणारी बॅटरी मागत होता. दुकानदारणीने त्याच्याकडे असं बघितलं, की माणूस शिकलेला दिसतो पण एखादा पेच ढिला असावा. शेवटी, "तुमची मर्जी, पण मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा," म्हणून तिने मागणी लिहून घेतली.

पेच वगैरे काही ढिला नव्हता. कामावरून परत येताना, म्हणजे सकाळचे सोळा आणि संध्याकाळचे दहा धरून बरोब्बर सव्विसाव्या किलोमीटरला एक घर होतं. पहिला मजला, रस्त्याकडे तोंड असलेली खिडकी, खाली लोखंडी फाटक. ते त्याच्या मुलीचं घर.

मुलीच्या घरी जायला बॅटरी कशाला संपावी लागते, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. मीही त्याला हेच विचारलं असतं आणि वर दोन शब्द सुनावले असते. पण ऐका तर.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. चार दिवसांनी घर माणसांनी भरलेलं असताना, सगळ्यांच्या देखत, मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. हे जहाजावर असतात, सहा सहा महिने नसतातच घरी. मी एकटीच असते." लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर द्यायला दुप्पटराव बाहेरून जो खणखणीत आवाज काढायचा, तोच आवाज त्याने तेव्हा काढला. "मला कुणाची गरज नाही. माझं मी बघतो." पोरीच्या डोक्यावर आपला भार नको, एवढंच त्याच्या मनात होतं. बायको गेल्याचं दुःख आतल्या आत दाबायचं तर आवाज जरा चढाच लागतो, हेही खरं. पण ऐकणाऱ्याला मनातलं थोडंच ऐकू येतं! मुलगी "बरं" म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता फोन. बरे आहात ना? एकदम मस्त. जेवण? व्यवस्थित. आणि तू? मी पण मस्त. ठेवू? ठेव. तीन मिनिटं कधी झाली नाहीत. फोन ठेवल्यावर दुप्पटराव बराच वेळ तिथेच बसून राही. काय काय बोलायचं होतं ते त्याला नेमकं तेव्हा आठवायचं.

बरं, सरळ उठून जायचं ना! तेच तर त्याला जमत नव्हतं. दर महिन्याला लिफ्टचं तेलपाणी करणारे वेगळे. हा बिघाडावर जाणारा माणूस. त्याच्या कामात एक रीत होती, तक्रार नोंदवलेली असल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. आधी तक्रारीचा नंबर, मग पत्ता, मग बेल. दार उघडलं की पहिला प्रश्न, "काय बिघडलंय?" पस्तीस वर्षांत हजारो बेल त्याने वाजवल्या, पण एकही बेल सहज म्हणून वाजवली नाही. हाताला ते वळणच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात तो एकदा बस बदलून तिच्या फाटकापर्यंत गेला होता. वर दिवा लागलेला होता. बेलवर बोट ठेवलं आणि मनात आलं, ती विचारेल, 'काय झालं?' आपण काय सांगणार? काही झालेलं नाही. काही झालं नाही तर आलात कशाला? पाच मिनिटं उभा राहून पुढच्या बसने गडी परत आला आणि घरी येऊन दोन अंडी उकडली. त्यातलंही एक उरलं.

आधी निदान काम होतं. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं अक्षरशः गळ्यात पडायची. एका आजीबाईंनी तर त्याचे गाल ओढले होते. मग गुडघे गेले. जिने चढून वरच्या मशीनखोलीत जाणं होईना, तेव्हा कंपनीने त्याला शहराबाहेरच्या डेपोत टाकलं, जळलेली सर्किटं दुरुस्त करायला. तिथे दोन सहकारी, दोघांच्याही कानांत दिवसभर गाणी. डेपोची गाडीही बंद झाली, बसला दोन ठिकाणी बदलावं लागे आणि दुसरी बस आली तर आली. म्हणून ही सायकल. एका शनिवारी त्याने सहज मोजलं, दिवसभरात आपण किती शब्द बोललो. अकरा. त्यातले चार, 'नाही हो, चुकीचा नंबर.'

तर सायकलचं ठरलं आणि नकाशा काढता काढता त्याच्या लक्षात आलं की रस्ता मुलीच्या घरावरूनच जातो. त्या रात्री त्याला झोप आली नाही. बॅटरी संपली की थांबावंच लागणार. पुढे टाकीचा चढ, तो दोन्ही बाजूंनी, गुडघे असे, पॅडल मारत जाणं शक्य नाही. चार्जिंगला तीन-चार तास लागतात. बेल वाजवायची, ती विचारेल, 'काय झालं?' आपण सांगायचं, 'बॅटरी संपली.' खरीखुरी तक्रार, खराखुरा बिघाड, आणि तीन-चार तास! आणि हे रोज. त्याने पुन्हा गणित केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि दोन्ही वेळा बॅटरी फाटकापाशीच संपली. पोरासारखा आनंद झाला त्याला.

आठवड्याने तो सायकल आणायला गेला. सायकल चकाचक पुसून उभी होती. मागच्या चाकात मोटर, हॅंडलवर छोटा पडदा, आणि मधल्या दांडीवर बॅटरी.

"ही थोरली आहे," तो म्हणाला.

"आहेच!" दुकानदारीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लहान बॅटऱ्या आल्याच नाहीत वेळेवर. आणि खरं सांगू का काका, आल्या असत्या तरी मी नसती लावली. माझे बाबा तुमच्याच वयाचे आहेत. त्यांना मी असं रोज अर्ध्या रस्त्यात सोडलं असतं का? त्याच भावात दिली, जा. आता एक शब्द बोलायचा नाही."

नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. तिने तर बसण्याची गादीही जराशी वर करून ठेवली होती, गुडघ्यांना बरं म्हणून. इतक्या दिवसांत कुणी त्याच्या गुडघ्यांचा विचार केला नव्हता आणि जिने केला तिनेच त्याच्या बेतावर पाणी फिरवलं होतं. "फार उपकार झाले," तो म्हणाला, आणि खालच्या मानेने सायकल बाहेर काढली. मागून ती ओरडली, "आता कुठे थांबायची गरज नाही हो तुम्हाला!"

सोमवारी सकाळी तो निघाला. सायकल म्हणजे लोणी! पाण्याच्या टाकीचा चढ कधी आला आणि कधी गेला कळलं नाही. मुलीच्या घराखालून जाताना त्याने वर बघितलं नाही. दिवसभर सर्किटं दुरुस्त करताना डोक्यात एकच गणित. सव्विसाव्या किलोमीटरला थोरलीत चव्वेचाळीस टक्के उरणार. चव्वेचाळीस टक्के उरलेला माणूस कुणाच्या दारात कसा थांबणार? रोज असाच येणार आणि असाच जाणार, आणखी तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत. त्यानंतर तर या रस्त्याने यायचंही कारण उरणार नाही. हे मनात आलं आणि हातातल्या सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईचा चटका अंगठ्याला बसेपर्यंत त्याला भान आलं नाही.

पाच वाजता डेपोतून बाहेर पडताना त्याने ठरवलं की बॅटरी संपवायचीच. मोटर सगळ्यात वरच्या जोरावर टाकली. पॅडल मारणं बंद, नुसता बसून राहिला. भर उजेडात पुढचा दिवा लावला. उतारावरही ब्रेक दाबत, मोटर चालू ठेवून, सायकलचा जीव नकोसा केला. पस्तीस वर्षं लोकांची यंत्रं जपणारा माणूस स्वतःच्या नव्या कोऱ्या यंत्राचे असे हाल करत चालला होता, आणि यंत्र इतकं गुणी की मुकाट्याने पळत होतं. फाटकापाशी आला तेव्हा पडद्यावर एक्केचाळीस. शाब्बास रे दुकानदारणीच्या!

त्याने गल्लीला फेरी मारली. मुलीच्या घरावरून पुढे, कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाला वळसा, मागच्या रस्त्याने परत. चाळीस. दुसरी फेरी. तरी चाळीस. कोपऱ्यावर एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी झारी खाली ठेवली.

"कुणाचं घर शोधताय का? सापडत नाही का?"

"सापडलंय," दुप्पटराव म्हणाला.

"मग?"

तो "काही नाही, काही नाही" म्हणत पुढे सटकला. एकोणचाळीस. या हिशेबाने बॅटरी संपेपर्यंत चपलांचं दुकान बंद व्हायची वेळ आली असती. फाटकापाशी उतरून त्याने पडदा बंद केला. पडदा काळा झाला. म्हणजे आता काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही ते नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आयुष्यात एकही खोटा अहवाल लिहिला नव्हता त्याने. बॅटरी दांडीवरून काढली, काखेत घेतली, चार्जरची पिशवी खांद्याला लावली, पहिला मजला चढला आणि डोळे मिटून बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. मुलगी दातांच्या कवळ्या बनवायचं काम करते, घरीच, पुढच्या खोलीत. मास्क हनुवटीवर ओढलेला, हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे.

"बाबा!" आणि पाठोपाठ, "काय झालं?"

"काही नाही, घाबरू नकोस. बॅटरी संपली."

"संपली?"

"पार. शून्य."

तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा बॅटरीकडे बघितलं. मग म्हणाली, "आत या ना, दारात काय उभे आहात." तिनेच बॅटरी त्याच्या काखेतून काढून घेतली, कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत जागा करून ठेवली आणि त्याच्या पिशवीतला चार्जर लावला. मग आधण ठेवायला आत गेली. दुप्पटराव खुर्चीच्या कडेवर बसला. साध्य झालं होतं. तीन-साडेतीन तास आता हक्काचे.

चहा झाला. तिने त्याला एक कवळी दाखवली. "हे आजोबा बघा, तिसऱ्यांदा परत आलेत. चावता छान येतं, बोलता येतं, पण शिट्टी वाजत नाही म्हणतात. आता मी शिट्टीसाठी दात घासतेय." तो हसला. मोठ्याने हसला. आणि हसल्यावर दचकला, कारण आपलं हसणं कसं असतं हेच तो विसरला होता. मग त्याने डेपोतल्या गाणी ऐकणाऱ्यांची नक्कल केली, तिने जहाजावरच्या नवऱ्याच्या आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या फोनचं सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली, "रात्री रेडिओ लावून ठेवते मी. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं." दुप्पटरावाच्या घरीही रेडिओ रात्रभर चालू असायचा. त्याने ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ती बॅटरीकडे बघत होती.

पडदा बंद केला म्हणजे सुटलो असं समजणाऱ्या या शहाण्याला एक गोष्ट आठवली नव्हती. बॅटरीच्या अंगावरही पाच छोटे दिवे असतात. चार्जिंगला लावली की जेवढी भरलेली तेवढे लागतात. दोन दिवे ठाम लागलेले होते आणि तिसरा मिचमिचत होता.

"बाबा," ती म्हणाली, "शून्याला किती दिवे लागतात?"

त्याने ते दिवे मोजले.

"दोन म्हणजे... चाळीस टक्के," तो म्हणाला. यंत्राबद्दल खोटं सांगणं त्याला जमलं नाही.

"आणि इथून तुमचं घर?"

"सहा किलोमीटर."

"पुरली असती?"

"दोनदा," दुप्पटराव म्हणाला. "तिसऱ्यांदाही."

"मग?"

मोटर तापली होती, असं सांगता आलं असतं. वायर सैल झाली, ब्रेक घासतोय, दहा बिघाड जिभेवर तयार होते आणि एकालाही कुणी हरकत घेऊ शकलं नसतं. त्याने एकेक उचलला आणि ठेवून दिला. मग तो टेबलावरच्या जबड्यांकडे बघत म्हणाला, "तुला भेटायचं होतं. काय सांगून यावं ते सुचेना. एकटं वाटतं गं. फार एकटं वाटतं मला."

ती उठली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायला लागली. प्लास्टर कधीच निघून गेलं होतं तरी धूतच राहिली. पाठमोरीच बोलली.

"तीन फेऱ्या मारल्यात तुम्ही. मी खिडकीत उभी होते. पहिल्यांदा वाटलं, आता थांबतील. दुसऱ्यांदा वाटलं, आता नक्की. तिसऱ्यांदा मी दाराशी येऊन उभी राहिले, कडी हातात धरून. हाक मारायची हिंमत होईना."

"मारायचीस की गं!"

"कशी मारू? तुम्हाला कुणाची गरज नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. सगळ्यांच्या समोर." तिने नळ बंद केला. "दोन वर्षं मी वाट बघतेय बाबा, तुमचं काहीतरी बंद पडेल. नळ गळेल, फ्यूज जाईल. एकदा तर मनात आलं, बारीकसा ताप तरी यावा यांना, म्हणजे मला जाता येईल. बापाला ताप यावा म्हणून कुणी देवाला सांगतं का? मी सांगितलं. आणि दर रविवारी तुम्ही म्हणायचात, एकदम मस्त."

दुप्पटराव उठून उभा राहिला. दोन वर्षं रोज सकाळी उठून तो स्वतःचं सगळं नीट ठेवत आला होता, भांडी, बिलं, औषधं, किल्ल्यांचे दोन जुडगे, पोरीला कशाचीही तोशीस पडू नये म्हणून. आणि पोर तिकडे सहा किलोमीटरवर, काहीतरी मोडावं म्हणून खिडकीत बसली होती.

"ते खोटं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा बोललो ते. गरज नाही म्हणालो ते. आजची बॅटरी काहीच नाही, ते खरं मोठं खोटं होतं."

ती वळली. ओले हात तसेच हवेत धरून, लहानपणी रंग खेळून आल्यावर उभी राहायची तशी, आणि चेहरा रडवेला झालेला. दुप्पटरावाने खिशातून रुमाल काढून तिला दिला. मग दुसऱ्या खिशातून दुसरा काढला, तो स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि पुन्हा खुर्चीत बसला, या वेळी नीट मागे टेकून. टेबलावर तिसरा दिवा अजून मिचमिचत होता. तिने वाकून चार्जरची वायर काढून टाकली.

"असू दे आता ते," ती म्हणाली. "जेवायला काय करू?"